अकरा डोंगर

१

नकाशेवाल्याची कवटी शिशाच्या कासवाने पाच घाव घालून फोडलेली होती. पहिल्याच घावाला प्राण गेला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. मग उरलेले चार घाव जीव घेण्यासाठी नव्हते हे उघड होते. ते काहीतरी सांगण्यासाठी होते, आणि ज्याला सांगायचे तो ऐकायला उरला नव्हता.

निवृत्त मोजणीदाराने उंबऱ्याशीच चपला काढल्या, मग मेलेल्याच्या खोलीत कोणता शिष्टाचार पाळायचा हे न कळून पुन्हा घातल्या. देह हलवला होता. रक्त मात्र जागेवरच होते: खुर्चीच्या पाठीवर, भिंतीवर टांगलेल्या लाकडी पट्ट्यांवर, आणि फरशीवर, जिथे ते रात्रभरात सुकून काळे पडले होते. मोठ्या मेजावर नकाशाचा कागद पसरलेला होता. त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन शिशाची कासवे बसली होती. कागद सपाट राहावा म्हणून नकाशेवाल्याने ती मुद्दाम ओतून घेतलेली. चौथे मेजाखाली उताणे सापडले होते आणि त्याच्या पाठीला केस चिकटले होते.

"कशाला हात लावू नका, मामा," भाची म्हणाली. तिच्या पोलिसी गणवेशाला इस्त्री होती, पण डोळ्यांना झोप नव्हती. "आणि शब्दाला शब्द वाढवू नका. मी तुम्हाला वाद घालायला बोलावलेलं नाही."

"वाद घालू नको म्हणणं हीसुद्धा वादाचीच सुरुवात असते. सांग."

तिने सांगितले. सव्वीस वर्षे हा माणूस नसलेल्या देशांचे नकाशे काढत आला होता. अद्भुत कादंबऱ्यांमधली राज्ये, समुद्र, अरण्ये, ज्यांत कोणी राहत नाही अशी शहरे. वाचक पुस्तक उघडले की आधी त्याचा नकाशा उलगडत आणि मग पहिले पान वाचत. समोरचा नकाशा एका सातखंडी कादंबरीच्या शेवटच्या खंडाचा होता. काम रोज सकाळी नऊला सुरू होई. दुपारी एकच्या ठोक्याला तो नकाशाचे छायाचित्र काढून प्रकाशिकेला पाठवी. कालही पाठवले होते. त्या छायाचित्रात उत्तरेची जागा कोरी होती. नावे लिहिलेली होती, डोंगर नव्हते.

"आणि आता बघा."

मोजणीदार वाकला. उत्तरेला डोंगरांच्या दोन रांगा उभ्या होत्या: मागे चार उंच शिखरे, पुढे सात बुटके डोंगर, बर्फाच्या टोप्या घातलेले.

"अकरा," भाची म्हणाली. "एका डोंगराला वीस मिनिटं. त्याच्याकडे अंडी उकडताना लावतात तसलं घंटीचं घड्याळ होतं. ते लावल्याशिवाय तो टाक उचलत नसे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. अकरा वेळा वीस म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. एकपासून मोजलं तर पाचला वीस कमी. तोवर हा जिवंत होता. साडेसहाला बायको आली तेव्हा मेलेला. डॉक्टर नेमकी वेळ सांगत नाहीत, शेगडी पेटलेली होती म्हणून. आणि पाच वाजता दारावर लाथा मारताना, 'तुझा हात मुळापासून उपटतो' असं ओरडताना तीन शेजाऱ्यांनी कुणाला पाहिलं?"

उत्तर मोजणीदाराला माहीत होते. ती सातखंडी कादंबरी लिहिणारा कादंबरीकार त्याचा शाळेपासूनचा मित्र होता. चाळीस वर्षांत एका वाक्यावर दोघांचे एकमत झालेले नव्हते.

"चार वाजता त्यांना न्यायालयात उभं करायचंय. वरच्या साहेबांचा कागद तयार आहे. एकदा आरोप लागला की मग माझ्या हातात काही नाही."

"तो काय म्हणतो?"

भाचीने टोपी काढून हातात घेतली. "म्हणतात, मी मारलं नाही. पण मारायलाच गेलो होतो."

२

कादंबरीकार रुग्णालयाच्या खाटेला बेडीने बांधलेला होता. पकडायला आलेल्या शिपायाचे नाक त्याने फोडले होते आणि शिपायांनी त्याचे गळ्याचे हाड मोडून हिशेब चुकता केला होता. डावा डोळा सुजून बंद झाला होता. उजव्याने त्याने मित्राकडे पाहिले आणि स्वागत केले:

"आलास? आता म्हणशील, मी तुला सांगत होतो."

"मी तुला चाळीस वर्षं सांगतोय. आज नाही सांगणार. त्याला मारायला का गेलास?"

"शहरासाठी." कादंबरीकाराने ओठ ओले केले. "सहाव्या खंडात मी राजधानी जाळली. चाळीस पानं जाळली, बाबा! लहान मुलं विहिरीत उड्या टाकतात, राणीच्या केसांना आग लागते. लिहिताना मला आठवडाभर जेवण गेलं नाही. आणि हा माणूस शेवटच्या नकाशात ते शहर जसंच्या तसं उभं काढतो! म्हणे, तीनशे बारा खिडक्या काढल्यात मी त्याला. मी बांधलेलं मी जाळणार नाही. तुला काय लिहायचं ते लिही."

"म्हणून गेल्या आठवड्यात तू प्रकाशिकेच्या कचेरीत त्याचा गळा धरलास."

"धरला. सोडला. काल पुन्हा धरायला गेलो होतो, आणि या वेळी सोडणार नव्हतो. लपवत नाही. दार वाजवलं, शिव्या दिल्या, लाथा मारल्या. आतून ओ नाही, चूं नाही. दाराला ते आपोआप बंद होणारं कुलूप. पाय दुखला, घरी गेलो." तो थांबला. "तो तेव्हा आत मरून पडला होता का रे? मी मेलेल्याला शिव्या देत होतो?"

मोजणीदाराने विषय बदलला. त्याची ही जुनी सवय होती. मित्र हळवा झाला की तो तपशील विचारी.

"चूक झाली तर तो काय करायचा? कागदावर."

"पात्याने खरवडायचा. भोक पडेपर्यंत खरवडायचा, पण पांढरा रंग लावायचा नाही. घरात बाटली ठेवत नसे. पांढरा लावणाऱ्याला गवंडी म्हणायचा. का?"

"उगाच," मोजणीदार म्हणाला. पण दारातून बाहेर पडताना त्याची पावले सावकाश पडत होती, कारण बर्फाच्या त्या सात टोप्या त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

३

नकाशेवाल्याची बायको दवाखान्याच्या खिडकीत औषधे देई. काल नऊ ते सहा ती खिडकीतच होती आणि चाळीस रोग्यांनी तिच्या हातून पुड्या घेतल्या होत्या. ती स्वयंपाकघरात पाठ ताठ ठेवून बसली होती. मनगटावर एक पांढरा, सरळ वण होता. इतका सरळ की मोजणीदाराला तो कशाने झाला हे विचारावे लागले नाही.

"पितळी पट्टी," तीच म्हणाली. "टाकाची निबं पुसायचं फडकं मी धुवायला नेलं होतं. बारा वर्षं झाली. तुम्हाला वाटत असेल, बाईने सूड घेतला. मलाही वाटतं कधी कधी, की घ्यायला हवा होता. कालपासून रडू येत नाही, भाऊ. त्याचीच लाज वाटते."

"ते चांगले होते का कधी?"

"कागदावर." ती किंचित हसली. "कागदावर फार प्रेमळ. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सगळ्या घराचा फोटो काढायचा होता. हे पुढे झाले. फोटोवाल्याला म्हणाले, आधी पुढची माणसं बसव. पुढचा बसल्याशिवाय मागच्याची जागा ठरत नाही. तो म्हणाला, अहो साहेब, मागची उंच माणसं आधी उभी करतात. झाली मारामारी! नवरीच्या मामाचा दात पडला. त्या फोटोत सगळे हसतायत आणि मामांनी तोंड मिटलंय."

मोजणीदाराला हसू आले; मग ते चेहऱ्यावरच राहून गेले, कारण त्याचे मन दुसरीकडे निघून गेले होते.

"किल्ली कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे. बाकी कुणाकडे नाही. बाहेर जाणाऱ्याने दार ओढलं की कुलूप लागतं."

"काल तिथे कोण होतं, जेवणाच्या वेळी?"

"त्यांचा शिष्य असतो रोज. अडीचला जातो." तिने मोजणीदाराकडे सरळ पाहिले. "त्याच्या हाताकडे बघा. माझ्यावर एकच वण आहे. मी दिवसभर घराबाहेर असते."

४

प्रकाशिकेची कचेरी छापखान्याच्या माडीवर होती. खाली यंत्र चालू असले की टेबलावरच्या कपबश्या किणकिणत. प्रकाशिका काल सकाळी दहापासून सात वाजेपर्यंत कामगारांच्या डोळ्यांसमोर होती. तिने एकचे छायाचित्र मोठे करून दाखवले.

"मेल्यावर माणसाबद्दल वाईट बोलू नये," ती म्हणाली, "म्हणून मी फक्त नकाशाबद्दल बोलते. नकाशा उत्तम आहे."

छायाचित्रात उत्तरेची नावे कोऱ्या कागदावर तरंगत होती. कागदाच्या कडेला शाईची दौत आली होती, गळ्यापर्यंत भरलेली. मोजणीदाराने ती तीनदा पाहिली.

"याने एवढं काय बघितलं असेल तुझ्यात?" भाची दौतीकडे बघत पुटपुटली.

"'याने' नाही, 'यांनी'. मामा आहे मी तुझा."

"मी दौतीशी बोलत होते, मामा. तुम्ही असे बघताय जसं काही तिचं स्थळ आलंय."

शिष्य कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसला होता. वय चौतीस, कानांशी केस पिकलेले, बोलणे मऊ. नकाशेवाला काळ्या रेषा काढी. त्या संगणकात घेऊन रंगवायचे काम चार वर्षे याचे होते. उजव्या हाताची बोटे सुजली होती आणि पेरांवर निळे-जांभळे पट्टे होते.

"पट्टी," तो म्हणाला. "रोजची. लपवत नाही मी. पण तेवढ्यासाठी माणसं मारली जात असती तर अर्धे शाळामास्तर जिवंत नसते."

"काल काय झालं?"

"काही नाही. एकला फोटो पाठवला. मग त्यांनी डोंगर घेतले. मी रंगांच्या खुणा करत होतो. अडीचला निघालो तेव्हा मागची चार उंच शिखरं झाली होती आणि पुढच्या रांगेला नुकता हात घातला होता. तीनला मी इथे. सातपर्यंत या खुर्चीत. विचारा."

"खरं आहे," प्रकाशिका म्हणाली. "तीनला आला. पाणी मागितलं, तीन पेले प्यायला."

"एक ते अडीच, दीड तासात चार शिखरं," भाचीने गणित केले. "वीस-वीस मिनिटांची. जुळतं."

"फार जुळतं," मोजणीदार म्हणाला. मग शिष्याकडे वळून त्याने सहज विचारले, "तुम्ही स्वतः टाकाने काढता?"

शिष्याचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. क्षणभरच, जणू बंद दाराच्या फटीतून कोणी पाहिले आणि मागे सरकले.

"त्यांनी मला कधी टाक धरू दिला नाही," तो म्हणाला. "मी संगणकावरच शिकलो."

जिन्यावर भाचीने मामाचा दंड धरला. "दीड वाजलाय. कादंबरीकाराचं काय?"

"तीन वाजता सगळ्यांना त्या खोलीत आण. त्यालाही, बेडीसकट. आणि तोवर मला तासभर नकाशाजवळ एकटा बसू दे." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "खुनी आपल्याला वेळ सांगून बसलाय, मुली. आपणच घड्याळ उलटं धरलंय."

५

एकटा बसल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती दौत पाहण्याची. ती कोरडी होती. सकाळी सर्वांनी मानले होते की झटापटीत शाई सांडली. परंतु मेजावर, फरशीवर, मृताच्या सदऱ्यावर कोठेही शाईचा डाग नव्हता. होते ते केवळ रक्त. अकरा डोंगर काढायला टोपणभर शाई पुरते. मग उरलेली दौतभर शाई कोण प्यायले?

दुसरी गोष्ट, त्याने मान मेजाच्या पातळीला आणून खिडकीकडून येणाऱ्या उजेडात कागद तिरपा पाहिला. हस्तिदंती कागदाला मंद चकाकी होती. सात ठिकाणी ती विझलेली होती.

मोजणीदाराने आयुष्याची तीस वर्षे गावे मोजण्यात आणि त्यांचे डोंगर शाईत काढण्यात घालवली होती. त्याला पहिल्या दिवशी काय शिकवले होते ते आठवले, आणि त्या शिकवणुकीसोबत खाल्लेली थप्पडही. पाठोपाठ एका लग्नातला फोटो आठवला, ज्यात एक माणूस तोंड मिटून उभा होता.

खोलीच्या कोपऱ्यात आणखी एक मेज होते. त्याला लाकडी पाठीऐवजी दुधी काच होती आणि काचेखाली दिवे. चित्रावर कागद ठेवून रेषा गिरवायच्या असल्या की त्याचा उपयोग होई. मोजणीदाराने हात धुतले, भाचीने दिलेले हातमोजे चढवले, तीन कासवे उचलली आणि नकाशा दोन्ही तळव्यांवर तोलून काचेवर नेऊन ठेवला. मग दिवे लावले.

त्याने एकदाच पाहिले आणि लगेच दिवे विझवले. त्यानंतर तीन वाजेपर्यंत तो खुर्चीत बसून राहिला.

६

तीन वाजता खोली भरली. नकाशेवाल्याची बायको दाराशी उभी राहिली. प्रकाशिकेने रक्त चुकवून पाऊल टाकले. शिष्य भिंतीला टेकला. कादंबरीकार दोन शिपायांच्या मध्ये, गळ्यात हात अडकवून आला, आणि येताच म्हणाला, "काय ही खोली! मी तर राजाचा वध यापेक्षा स्वच्छ लिहिला असता."

"गप्प बस. तुझ्याच मानेचा प्रश्न आहे," मोजणीदार म्हणाला. मग तो सगळ्यांकडे वळला. "माझं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे, ती खोटी पडली तर सगळं पडलं. म्हणून ज्याला वाद घालायचा असेल त्याने तिथेच घालावा. शाई पुसता येत नाही. डोंगरापुढे डोंगर काढायचा असेल तर पुढचा आधी काढावा लागतो. मग मागच्याची रेष पुढच्याच्या पाठीपर्यंत आणायची आणि तिथे थांबवायची. उलट केलंत, मागचा आधी पुरा काढलात, तर त्याच्या रेषा पुढच्याच्या पोटातून आरपार दिसतात. टाकाने काम करणारा दुसऱ्या कोणत्याही रीतीने काढत नाही. काढूच शकत नाही. वहिनी, तुमचे यजमान काय म्हणायचे?"

"पुढचा बसल्याशिवाय मागच्याची जागा ठरत नाही," ती म्हणाली.

"संगणकावर मात्र तसं नसतं. तिथे मागचा डोंगर खुशाल पुरा काढा. वर पुढचा ठेवला की त्याचं पोट मागचं सगळं झाकून टाकतं. तिथे शिकलेला हात मागून पुढे येतो." तो शिष्याकडे पाहत नव्हता. "आता ऐका. ज्याने सव्वीस वर्षांत पुढचा डोंगर आधी काढला, त्याला काल अडीच वाजता एका माणसाने मागची चार शिखरं आधी पुरी करताना पाहिलं."

भाचीची नजर शिष्याकडे वळली. खालच्या रस्त्यावर एक गाडी भोंगा वाजवत गेली.

"माझा घोटाळा झाला असेल," शिष्य म्हणाला. "डोंगर ते डोंगर. काय पुढचे नि काय मागचे."

"कबूल. माणसाचा घोटाळा होतो. कागदाचा होत नाही."

त्याने दिवे लावले.

काच उजळली आणि कागद आतून पेटल्यासारखा झाला. वरून पाहता जे पांढरे बर्फ होते ते आता करडे, गढूळ दिसू लागले. त्या सातही ढिगाऱ्यांतून मागच्या चार शिखरांच्या रेषा थेट बर्फाच्या कडेपर्यंत उतरत होत्या, पांढऱ्या रंगाखाली पुरलेल्या. आणि मधल्या डोंगराच्या शिखरात, बर्फाच्या अगदी गाभ्यात, एक गोल काळा ठिपका होता. त्याला एका बाजूने शेपटी होती. उडालेल्या थेंबाला असते तशी.

"अरे देवा," प्रकाशिका म्हणाली.

"हे बर्फ नव्हतंच," कादंबरीकार खर्जात म्हणाला. "माझ्या उत्तरेत बर्फ पडत नाही. तिथे वणवे लागतात. मी नकाशा नीट पाहिला असता तर..."

"तुला कुणी दाखवलाच नाही. तू दाराबाहेर लाथा मारत होतास." मोजणीदाराने बोट ठिपक्यापासून वीतभर दूर धरले. "हा रक्ताचा थेंब आधी पडला, डोंगर नंतर उभा राहिला. म्हणजे माणूस मेल्यावर अकरा डोंगर निघाले. एकेक वीस मिनिटांत नव्हे, पाच मिनिटांत. आपण त्यांना घड्याळ समजलो. ते काढून टाका, मग जिवंतपणाचा शेवटचा पुरावा उरतो तो एकचा फोटो. आणि एक ते अडीच या खोलीत एकच माणूस होता. मृत्यू उशिरा झाला असं दिसण्यात फायदाही त्या एकाचाच, कारण तीनपासून सातपर्यंत त्याच्याकडे साक्षीदार होते."

"पांढरा रंग या घरात नव्हता," बायको हळूच म्हणाली. "मग आला कुठून?"

"शिष्याने स्वतः काढलेल्या नकाशाबरोबर. शाईसुद्धा त्याच नकाशावर गेली. दौतभर शाई ओतली की कागद ती सगळी पितो, आणि कागद गुंडाळून नेला की मेजावर डाग उरत नाही. तुम्ही काल काहीतरी दाखवायला आणलं होतंत, हो ना?"

शिष्य भिंतीपासून दूर झाला. खरवडायचे पाते मेजावरच्या तबकात पडले होते. ते त्याच्या मुठीत केव्हा आले हे कोणी पाहिले नाही. पण तो माणसांच्या अंगावर गेला नाही. तो काचेकडे झेपावला आणि पाते त्या मधल्या डोंगरावर, त्या काळ्या थेंबावर उगारले. तेवढा वीतभर कागद फाटला असता तर बेडीतला माणूस फासावर गेला असता. मोजणीदाराला एवढेच सुचले: त्याने आपला तळहात मध्ये पसरला.

पाते हाताच्या मागून शिरले, तळव्यातून निघाले आणि काचेवर कट्कन आपटून मोडले. भाचीने शिष्याचे मनगट पकडून मेजाच्या कडेवर हाणले, एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तो गुडघ्यांवर आला, आणि ओरडण्याऐवजी बोलू लागला. मऊ आवाजातच.

"तीन महिने काढत होतो. शाईत. टाकाने. घरी, चोरून. काल त्याच्यासमोर उलगडला. त्याने वाकून पाहिलं, नखाने खरवडलं. खाली पांढरा लागला. म्हणाला, हा नकाशा नाही, हा गिलावा आहे. मग पट्टीने बोटं फोडली आणि दौत उचलून उलटी केली. हळूहळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, झाडाला पाणी घालावं तशी." त्याने वर पाहिले. "आणि पुन्हा आपल्या कामाला बसला. माझ्याकडे पाठ करून."

"पहिल्या घावालाच ते गेले होते," भाची म्हणाली.

"मला कळलं होतं."

"मग पुढचे चार?"

"वर्षाचा एक," शिष्य म्हणाला.

७

मोजणीदाराच्या तळव्याला नऊ टाके पडले. त्याचे रक्त नकाशाच्या दक्षिणेला, समुद्रात सांडले होते. पंचांनी ते मूळ थेंबापासून वेगळे नोंदवले आणि नकाशा कायमचा सरकारजमा झाला.

पुस्तक चार महिन्यांनी निघाले. संगणकावर नवे डोंगर बसवून देतो म्हणणारे तिघे प्रकाशिकेकडे आले. तिने तिघांनाही जिना दाखवला. बायकोला विचारले तेव्हा तिने एकचे छायाचित्र पुढे केले. तेच छापले गेले: उत्तरेला कोऱ्या कागदावर तरंगणारी नावे, जणू डोंगर अजून यायचे होते आणि त्यांची बसायची जागा राखून ठेवली होती.

कादंबरीकार पहिली प्रत घेऊन आला. हाड जुळले होते, खांदा मात्र वाकडा राहिला होता. मोजणीदाराने नकाशा उलगडला, मग सवयीने शेवटचे प्रकरण काढले आणि उभ्यानेच वाचू लागला. सहा पाने झाल्यावर त्याने मान वर केली.

"हे काय? राणी राजधानीत परत येते? ती तर तू जाळली होतीस ना? चाळीस पानं!"

"शत्रूने आगीची अफवा उठवली होती. सातव्या प्रकरणात खुलासा आहे."

"फालतू खुलासा आहे. राणीच्या केसांना लागलेली आगही अफवाच का?"

"असेल फालतू." कादंबरीकार खुर्चीत बसला आणि चांगल्या हाताने नकाशातल्या शहरावरून बोट फिरवू लागला, वेशीपासून, बुरुजांवरून, एकेका खिडकीवर थांबत. "तीनशे बारा आहेत. मोजल्या मी. मी त्याच्या दाराबाहेर उभा राहून त्याला मारायची भाषा करत होतो, आणि आत त्याच्या मेजावर हे शहर उभं होतं. आता मी काय जाळू?"

"म्हणजे चाळीस वर्षांत तू पहिल्यांदा वाद हरलास."

कादंबरीकाराने वर पाहिले नाही. त्याचे बोट एकशे सहाव्या खिडकीवर होते.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "मोजणी चुकेल."